विश्लेषण : ‘उत्तम पत्नी, सुज्ञ माता’ हा आदर्श आला कुठून? पूर्व आशियातील शिकलेल्या मुली तो का नाकारत आहेत?

जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर जुलै २०२४ पासून त्सुदा उमेको यांचे चित्र आहे. वयाच्या सहाव्या वर्षी सरकारी खर्चाने अमेरिकेला गेलेली, पुढे मुलींच्या उच्च शिक्षणासाठी संस्था काढणारी आणि आयुष्यभर अविवाहित राहिलेली ही शिक्षिका. शेजारच्या दक्षिण कोरियात ५० हजार वॉनच्या, म्हणजे तेथील सर्वांत मोठ्या नोटेवर २००९ पासून शिन साइमदांग आहेत. त्या सोळाव्या शतकातील नावाजलेल्या चित्रकार. पण सर्वसामान्य कोरियन माणूस त्यांना ओळखतो तो थोर तत्त्वज्ञ यी यी यांच्या आई म्हणून. हा मुलगाही पाच हजार वॉनच्या नोटेवर आहे. साइमदांग यांची निवड जाहीर झाली तेव्हा कोरियातील काही महिला संघटनांनी तिला विरोध केला होता. आक्षेप त्यांच्या चित्रांवर नव्हता. ‘उत्तम पत्नी आणि सुज्ञ माता’ या जुन्या साच्याला सरकारने पुन्हा एकदा मानाचे पान दिले, हा होता. हा साचा नेमका किती जुना आहे आणि जपान, कोरिया, चीनमधील आजच्या घटत्या जन्मसंख्येशी त्याचा काय संबंध आहे, हे पाहिल्याशिवाय तेथील सरकारांची सध्याची धावपळ समजत नाही.

सध्याचा वाद काय आहे?

दक्षिण कोरियातील जननदर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या) २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत घसरला. २०२४ मध्ये तो किंचित वाढून ०.७५ झाला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हा आकडा २.१ च्या आसपास लागतो. जपानमध्ये २०२४ मध्ये हा दर १.१५ होता आणि त्या वर्षी जपानी दाम्पत्यांच्या पोटी सात लाखांपेक्षाही कमी बाळे जन्मली. चीनमध्ये २०१३ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक विवाहांची नोंद झाली होती. २०२४ मध्ये ती ६१ लाखांवर आली. तैवानची स्थितीही वेगळी नाही.

याच काळात मुली शिक्षणात कुठल्या कुठे गेल्या. कोरियात महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत अधिक असणे २००९ पासून सुरू झाले. चीनमध्ये पदवी अभ्यासक्रमांत निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी आहेत. साहजिकच दोन आलेख शेजारी ठेवून ‘मुली शिकल्या म्हणून मुले होईनात’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. कोरियातील एका सरकारी संशोधन संस्थेच्या अधिकाऱ्याने २०१७ मध्ये तर उच्चशिक्षित स्त्रियांनी आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या पुरुषांशी लग्न करावे असे वातावरण गाजावाजा न करता तयार करावे, आणि गरजेपेक्षा जास्त पदव्या मिळवणाऱ्यांना नोकरभरतीत त्याचा तोटा व्हावा, अशा सूचना एका चर्चासत्रात मांडल्या. गदारोळ झाला आणि त्यांना पद सोडावे लागले. त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, कोरियाच्या गृह मंत्रालयाने देशाचा एक गुलाबी नकाशा संकेतस्थळावर टाकला होता. कोणत्या भागात अपत्यक्षम वयाच्या किती स्त्रिया आहेत, हे त्यात दाखवले होते. ‘आम्ही काय दुभती जनावरे आहोत?’ असा सूर उमटल्यावर तो तातडीने काढून टाकावा लागला. जपानमध्ये २००७ साली खुद्द आरोग्यमंत्र्यांनी स्त्रियांचा उल्लेख ‘मुले जन्माला घालणारी यंत्रे’ असा केला होता.

हे अपघाताने सुटलेले शब्द म्हणून सोडून देता येतील. पण मुलगी शिकवायची ती देशाला चांगली पिढी मिळावी म्हणून, ही कल्पना या भागातील आधुनिक शिक्षणाच्या पायातच घातलेली आहे.

हा आदर्श कन्फ्युशियसच्या काळापासूनचा आहे का?

तसे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. जपानी भाषेत ‘र्योसाई केन्बो’, म्हणजे उत्तम पत्नी, सुज्ञ माता. हे शब्द रूढ झाले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या जपानमध्ये मुलींना वाचायला दिले जाणारे नीतिपाठ होते. ‘ओन्ना दाइगाकु’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. त्यात सासू-सासऱ्यांची सेवा, नवऱ्याची आज्ञा, मत्सर न करणे, कमी बोलणे यावर भर आहे. मुलांना शिकवणे, घडवणे हे आईचे काम आहे, असे त्यात जवळपास नाहीच. सामुराई घराण्यात मुलाच्या शिक्षणाकडे बाप लक्ष देई. बाई म्हणजे सून. आई ही तिची ओळख नंतरची. चीनमध्ये तर बाईत विद्या नसणे हाच तिचा गुण, अशा अर्थाची म्हण होती. मुलासाठी तीन वेळा घर बदलणाऱ्या मेन्शियसच्या आईची गोष्ट जुनी आहे, हे खरे. पण आई शहाणी असावी यासाठी सगळ्या मुलींना शाळेत घातले पाहिजे, असे त्या गोष्टीवरून कुणी शेकडो वर्षांत म्हटले नव्हते.

ते म्हटले गेले ते पाश्चात्त्य आरमाराच्या तोफा दारात आल्यावर. नाकामुरा मासानाओ हे जपानी विचारवंत लंडनमध्ये राहून आले होते. सॅम्युएल स्माइल्स यांच्या स्वावलंबनावरील पुस्तकाचा त्यांनी केलेला जपानी अनुवाद १८७१ पासून अफाट खपला. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घर आणि त्या घराच्या केंद्रस्थानी असलेली सुशिक्षित आई त्यांनी पाहिली होती. १८७५ मध्ये त्यांनी ‘चांगल्या आया घडवण्या’वर निबंध लिहिला. देश बलाढ्य व्हायचा तर प्रजा शहाणी हवी, प्रजा शहाणी व्हायची तर आई शिकलेली हवी, असा तो तर्क. पुढे शिक्षणमंत्री झालेले मोरी आरिनोरी हेही याच मताचे होते.

म्हणजे आज ज्याला ‘आपली प्राचीन परंपरा’ म्हणून कवटाळले जाते तो आदर्श बराचसा लंडनहून आलेला, कन्फ्युशियन कपडे चढवलेला आणि रेल्वे-तारायंत्रांच्या बरोबरीने रुजलेला आहे. त्याच्या काळात तो प्रतिगामीही नव्हता. मुलीच्या डोक्याला किंमत आहे, हे त्याने पहिल्यांदा सरकारी पातळीवर मान्य केले. फक्त ती किंमत तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा होत नव्हती.

मुलींच्या शाळांत काय शिकवले जाई?

जपानने १८७२ च्या शिक्षण आदेशात मुलगे आणि मुली दोघांनाही प्राथमिक शिक्षण लागू केले. सुरुवातीला मुली फारशा फिरकल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची नोंदणी १५ टक्क्यांच्या आसपास होती. १९१० पर्यंत ती ९५ टक्क्यांच्या पुढे गेली. एवढ्या वेगाने मुली शाळेत आणणारे देश त्या काळी जगातही मोजके होते.

१८९९ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा झाला. प्रत्येक प्रांतात, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागात, किमान एक कन्याशाळा काढणे बंधनकारक झाले आणि ‘र्योसाई केन्बो’ हे या शाळांचे अधिकृत ध्येय बनले. मुलांची माध्यमिक शाळा पाच वर्षांची, मुलींची साधारण चार. गणित, विज्ञान आणि परकीय भाषा कमी. शिवणकाम, गृहव्यवस्था, आचारधर्म जास्त. मुलांना या शाळेतून विद्यापीठाकडे वाट होती. मुलींची वाट बहुतेक वेळा तिथेच संपे आणि पुढे लग्नाचा मांडव असे. विशेष म्हणजे ज्या दशकात या शाळा निघाल्या त्याच दशकात स्त्रियांना राजकीय सभांना हजर राहण्यास आणि पक्षांत सामील होण्यास कायद्याने बंदी होती. सभेला जाण्याची मुभा मिळायला १९२२ उजाडले. राष्ट्राची आई व्हायचे, पण राष्ट्राबद्दल बोलायचे नाही!

त्सुदा उमेको यांना हीच गोष्ट खटकत होती. १८७१ च्या शेवटी इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला पाठवण्यात आल्या, त्यात त्या सर्वांत लहान होत्या. अकरा वर्षांनी परतल्या तेव्हा मातृभाषा विसरल्या होत्या आणि ज्या सरकारने पाठवले त्याच्याकडे त्यांना द्यायला काम नव्हते. सरदार घराण्यांतील मुलींच्या शाळेत त्यांनी शिकवले, पण मन रमेना. १८८९ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयात गेल्या. (याच फिलाडेल्फियात तीन वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. १८८५ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाईंच्या शेजारी ओकामी केइ ही जपानी वैद्यकीय विद्यार्थिनी बसलेली दिसते.) १९०० मध्ये त्सुदांनी टोकियोत दहा मुलींना घेऊन इंग्रजीची शाळा काढली. उद्दिष्ट सरळ होते : मुलीला शिक्षिकेचा परवाना मिळेल एवढे पक्के इंग्रजी आले पाहिजे, म्हणजे तिला स्वतःचे पोट भरता येईल.

चीन आणि कोरियात तो कसा पोहोचला?

चीनने १८९५ मध्ये जपानकडून मार खाल्ला आणि या छोट्या देशाने काय केले, याचा शोध तेथील सुधारक घेऊ लागले. ल्यांग चिचाओ यांनी स्त्रीशिक्षणावरील लेखात मांडलेला मुद्दा आज वाचताना टोचतो. देशातील निम्मे लोक, म्हणजे बायका, कमावत नाहीत, नुसत्या खातात. म्हणून देश दरिद्री आहे. म्हणून त्यांना शिकवा. शेतात, चरख्यावर, चुलीपुढे चाललेले काम त्यांच्या हिशेबात आलेच नाही. १९०७ मध्ये छिंग राजवटीने मुलींच्या शाळांचे पहिले सरकारी नियम केले. पाय बांधण्यास त्यात मनाई होती, अभ्यासक्रमावर जपानची छाप स्पष्ट होती.

अनेक चिनी मुली थेट टोकियोला गेल्या. तेथे शिमोदा उताको या राजघराण्याशी संबंध असलेल्या शिक्षिकेची शाळा होती. शिमोदा यांना सरकारने इंग्लंडला तेथील मुलींचे शिक्षण पाहायला पाठवले होते आणि ‘उत्तम पत्नी, सुज्ञ माता’ या आदर्शाच्या त्या खंद्या प्रचारक होत्या. १९०४ मध्ये नवरा आणि दोन मुले मागे ठेवून जपानला आलेली छ्यू जिन ही चिनी कवयित्री त्यांच्याच शाळेत दाखल झाली. धडे मिळाले सुगृहिणीचे. छ्यू जिन शिकली क्रांती. मायदेशी परतून तिने स्त्रियांचे नियतकालिक काढले आणि छिंग सत्तेविरुद्धच्या उठावाची तयारी केल्याबद्दल जुलै १९०७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. शाळा काय शिकवते आणि विद्यार्थिनी काय शिकते, यातील ही तफावत पुढची शंभर वर्षे राज्यकर्त्यांना सतावणार होती.

कोरियात मुलींची पहिली आधुनिक शाळा अमेरिकन मिशनरी मेरी स्क्रँटन यांनी १८८६ मध्ये सोलमध्ये काढली. सुरुवात एका विद्यार्थिनीपासून झाली. आजचे इव्हा विद्यापीठ ते हेच. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केल्यावर जपानी आदर्श अभ्यासक्रमातून आला. कोरियन भाषेत त्याचा क्रम उलटा झाला : आधी सुज्ञ माता, मग उत्तम पत्नी. गंमत अशी की परकी सत्ता आणि तिच्याविरुद्ध लढणारे राष्ट्रवादी, दोघांनाही तो पटला. एकाला साम्राज्यासाठी माता हव्या होत्या, दुसऱ्याला स्वातंत्र्यासाठी.

महर्षी कर्वे यांनी जपानकडून काय घेतले?

या कथेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. टोकियोत नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले होते. त्याची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी भाषणात महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते उभेही राहिले. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाशी निगडित विषय ही त्याची वैशिष्ट्ये होती. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम हवा की मुलांचाच, हा वाद आपल्याकडेही झाला. नारुसे यांचे सूत्र मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे : मुलीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून आणि मग नागरिक म्हणून. जपान सरकारच्या मनातला क्रम बरोबर उलटा होता.

मग ‘नवी स्त्री’ कुठून आली?

याच शाळांतून. नारुसे यांच्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या हिरात्सुका राइचो यांनी सप्टेंबर १९११ मध्ये ‘सेइतो’ हे केवळ स्त्रियांनी चालवलेले मासिक सुरू केले. त्याच महिन्यात टोकियोत इब्सेनचे ‘डॉल्स हाउस’ रंगमंचावर आले आणि घराचे दार लोटून निघून जाणाऱ्या नोरावर घराघरांत वाद सुरू झाला. वर्तमानपत्रांनी ‘सेइतो’च्या लेखिकांना ‘नवी स्त्री’ म्हणून हिणवले. राइचो यांनी ते बिरूद अभिमानाने स्वीकारले. लग्नसंस्थेवर टीका करणाऱ्या मजकुरामुळे सरकारी रोष ओढवला, काही अंकांवर बंदी आली. १९१३ मध्ये तोहोकु साम्राज्य विद्यापीठाने तीन विद्यार्थिनींना प्रवेश दिला तेव्हा शिक्षण खात्याने ‘हे असे का केले?’ अशी विचारणा केली होती.

पण या काळातील सर्वांत मोलाचा वाद नोराबद्दलचा नव्हता. तो १९१८-१९ मध्ये झाला आणि त्यातले प्रश्न आजही जसेच्या तसे टेबलावर आहेत. अकरा मुलांना वाढवणाऱ्या आणि लेखणीवर घर चालवणाऱ्या कवयित्री योसानो आकिको यांनी भूमिका घेतली की, स्वतःच्या पायावर उभे राहिल्याशिवाय स्त्रीने लग्न करू नये, मूल होऊ देऊ नये. नवऱ्यावर अवलंबून राहणे वाईट असेल तर मातृत्वासाठी सरकारपुढे हात पसरणेही तितकेच वाईट. राइचो यांचे उत्तर असे : मूल ही आईची खासगी मालमत्ता नाही, ते समाजाचे आहे, मग ते वाढवण्याचा खर्च समाजाने, म्हणजे राज्याने का उचलू नये? बहुसंख्य स्त्रियांना मिळणाऱ्या मजुरीत स्वावलंबन शक्य तरी आहे का? यामाकावा किकुए या तरुण समाजवादी लेखिकेने दोघींचेही थोडे थोडे बरोबर ठरवले आणि सांगितले की अर्थव्यवस्था आहे तशीच राहिली तर दोन्ही वाटा बंद आहेत.

आज सोल किंवा टोकियोतील तिशीतली नोकरदार तरुणी ‘परवडल्याशिवाय मूल नको’ म्हणते तेव्हा ती नकळत योसानोंच्या बाजूने बोलत असते. सरकार बाळामागे रोख रक्कम देते तेव्हा ते राइचो यांचा अर्धा युक्तिवाद उचलते. उरलेला अर्धा, म्हणजे आईच्या आयुष्यावर तिचाच हक्क, तेवढा गाळते.

चीनमध्ये लू शून यांनी डिसेंबर १९२३ मध्ये बीजिंगच्या मुलींच्या अध्यापक महाविद्यालयात व्याख्यान दिले. नोरा घर सोडून गेली, पुढे तिचे काय झाले, हा विषय. टाळ्या घेणे सोपे होते. त्यांनी कटू उत्तर दिले : हातात पैसा नसेल तर ती एक तर बिघडेल किंवा परत येईल. कोरियाची चित्रकार ना ह्ये-सोक हिच्या आयुष्याने ते खरे करून दाखवले. टोकियोत शिकत असताना १९१४ मध्ये तिने लिहिले होते की मुलींना उत्तम पत्नी व सुज्ञ माता व्हायला शिकवतात, मग उत्तम पती व सुज्ञ पिता व्हायला कुणालाच का शिकवत नाहीत? १९३४ मध्ये घटस्फोटाची कैफियत तिने स्वतःच्या नावाने छापली. एकतर्फी पावित्र्याचा हिशेब मागणाऱ्या या लेखानंतर समाजाने तिच्याकडे पाठ फिरवली. १९४८ मध्ये ती बेवारस रुग्ण म्हणून मरण पावली. आता तिच्या सुवोन या जन्मगावी तिच्या नावाचा रस्ता आहे.

युद्धानंतर काय बदलले?

कायदा बदलला, फार बदलला. जपानी स्त्रियांनी एप्रिल १९४६ मध्ये पहिल्यांदा मतदान केले आणि ३९ स्त्रिया संसदेत गेल्या. नव्या राज्यघटनेने विवाहात समान हक्क दिले. चीनमध्ये १९५० च्या विवाह कायद्याने लादलेली लग्ने बेकायदा ठरवली. माओ काळात ट्रॅक्टर चालवणारी ‘पोलादी मुलगी’ भिंतीभिंतींवर झळकली. तीही सरकारनेच काढलेली प्रतिमा होती, हे विसरू नये. पुढे एक अपत्य धोरणाने अनपेक्षित काम केले. शहरांत भाऊच नसलेल्या मुलींवर आईबापांनी सगळी पुंजी लावली. त्या शिकल्या, कमावू लागल्या आणि सत्ताविशी ओलांडूनही लग्न न केल्याबद्दल २००७ पासून सरकारी माध्यमांनीच त्यांना ‘उरलेल्या बायका’ म्हणायला सुरुवात केली.

जपान आणि कोरियात औद्योगिक भरभराटीने जुना आदर्श मोडला नाही, उलट पक्का केला. नवरा पहाटे ते मध्यरात्र कंपनीत, बायको घर आणि मुलांच्या परीक्षा सांभाळणार. कोरियात त्याआधी हजारो मुलींनी कापड गिरण्यांत राबून भावांच्या फिया भरल्या. जपानी उच्च माध्यमिक शाळांत गृहविज्ञान हा विषय फक्त मुलींना सक्तीचा होता. मुलग्यांना तो लागू व्हायला १९९४ साल लागले.

आज घोडे कुठे अडते आहे?

‘सुज्ञ माता’ हे काम गेल्या शंभर वर्षांत हलके झालेले नाही. ते कित्येक पटींनी जड झाले आहे. कोरियन पालकांनी २०२४ मध्ये खासगी शिकवण्यांवर २९ लाख कोटी वॉनहून अधिक खर्च केला. कोणता क्लास, कोणता शिक्षक, किती वाजता कुठून आणायचे, ही सारी व्यवस्था आईच्या अंगावर. जपानमध्ये अशा आईला ‘क्योइकु मामा’, म्हणजे शिक्षणवाली आई, असे नावच आहे. शाळेच्या डब्यातला भात कोणत्या प्राण्याच्या आकाराचा हवा, इथपर्यंत तिची परीक्षा चालते.

घरातली वाटणी पाहा. ‘ओईसीडी’ या विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार जपानी पुरुष रोज सुमारे ४१ मिनिटे बिनपगारी घरकाम करतो, स्त्री २२४ मिनिटे. कोरियातही फरक चौपटीहून अधिक आहे. त्यातच कोरियात स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावत ३० टक्क्यांच्या घरात, विकसित देशांत सर्वाधिक. मूल झाल्यावर नोकरी सुटली की पुन्हा तशी मिळत नाही. ही शंका मालकांच्याच मनात नसते, परीक्षकांच्याही असते. टोकियोतील एका वैद्यकीय विद्यापीठाने प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षे कमी केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. मुली डॉक्टर होतील, मग बाळंतपणात नोकरी सोडतील, असा त्यामागचा हिशेब होता.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना चटकन कळेल : या देशांत लग्नाशिवाय मूल जवळजवळ नाहीच. जपानमध्ये असे जन्म सुमारे दोन टक्के, कोरियात २०२४ मध्ये सहा टक्क्यांपेक्षा कमी. अनेक युरोपीय देशांत ते निम्म्याच्या आसपास आहेत. त्यामुळे मूल हवे असणाऱ्या मुलीला एकट्या मुलाची नव्हे, सुनेच्या कामाची, सणावाराच्या स्वयंपाकाची, सासरच्या आजारपणाची सगळी जोडणी एकदम घ्यावी लागते. घ्यायची तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. शिक्षणामुळे तिला ‘काहीच नाही’ म्हणणे परवडू लागले, एवढाच शिक्षणाचा यातला ‘गुन्हा’ आहे. मुली विद्यापीठात पुढे गेलेल्या देशांची यादी लांबलचक आहे. पाऊणवर आलेला जननदर मात्र त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आलेला नाही.

महिला विद्यापीठांचे भवितव्य काय?

मुलेच कमी जन्मल्याने विद्यार्थी कमी, आणि त्याचा पहिला फटका महिला विद्यापीठांना बसला. जपानमध्ये काहींनी प्रवेश थांबवले. विद्यार्थिनीसंख्येत सर्वांत मोठ्या असलेल्या मुकोगावा महिला विद्यापीठाने २०२७ पासून मुलांनाही प्रवेश देण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. सोलमध्ये दोंगदुक महिला विद्यापीठात सहशिक्षणाची नुसती चर्चा सुरू झाल्याचे कळताच नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यार्थिनींनी इमारती ताब्यात घेतल्या, भिंती घोषणांनी रंगवल्या. चोरून काढलेली चित्रफीत आणि बनावट अश्लील छायाचित्रे यांनी हैराण झालेल्या या पिढीला पुरुष नसलेले आवार ही सुरक्षित जागा वाटते. ज्या भिंती एकेकाळी मुलींना ‘सुगृहिणी’ बनवण्यासाठी बांधल्या, त्याच आता मुलींना बाहेरच्या जगापासून आडोसा म्हणून हव्या आहेत. विद्यापीठांचा ताळेबंद मात्र भावनेवर जुळत नाही.

सरकारे काय करत आहेत?

चीनने २०२१ मध्ये तीन अपत्यांना मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्षी जिनपिंग यांनी महिला संघटनेच्या नेत्यांसमोर लग्न आणि अपत्यजन्माची ‘नवी संस्कृती’ रुजवण्याचे आवाहन केले. २०२५ मध्ये तीन वर्षांखालील प्रत्येक बालकामागे वर्षाला ३,६०० युआन अनुदान जाहीर झाले. शांघायमध्ये मूल वाढवणाऱ्या कुणाला विचारले तरी त्यात किती महिन्यांचे दूध येते, ते ती सांगेल. सोल शहराने २०२४ मध्ये शंभर फिलिपिनो बालसंगोपन कर्मचारी आणून पाहिले. टोकियो महानगर सरकारने एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना चार दिवसांच्या आठवड्याचा पर्याय दिला.

जपानला ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए यांच्या रूपाने पहिली महिला पंतप्रधान मिळाली. पण विवाहानंतर पती-पत्नीला वेगवेगळी आडनावे ठेवू देण्याच्या कायदाबदलाला त्यांचा विरोध आहे. आज ९० टक्क्यांहून अधिक जपानी विवाहांत आडनाव बदलते ते बायकोचेच. स्त्री सर्वोच्च पदावर बसणे आणि स्त्रीविषयीचा आदर्श बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोरियाने पार्क ग्युन-ह्ये यांच्या काळात पाहिलेच होते.

हलते आहे ते एका वेगळ्याच ठिकाणी. कोरियात पालकत्व रजा घेणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण २०२४ मध्ये पहिल्यांदा ३० टक्क्यांच्या पुढे गेले. जपानमध्ये पात्र पित्यांपैकी अशी रजा घेणाऱ्यांचे प्रमाण दशकभरापूर्वी जेमतेम दोन-तीन टक्के होते. ते २०२४ च्या आर्थिक वर्षात ४० टक्क्यांवर पोहोचले. तेथील बऱ्याच पित्यांची रजा काही आठवड्यांची असते, आईची अनेक महिन्यांची.